उरलेला पासपोर्ट

"शनिवारी आमचं विमान आहे आणि पासपोर्ट चोरीला गेलेत," वल्लरी म्हणाली. बुधवारची सकाळ होती.

पद्मिनी सबनीसने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. पंधरा वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडल्यावर तिने अमेरिकेतल्या कॅरी गावात स्वतःचं छोटं तपासाचं ऑफिस थाटलं होतं. मैत्रीण शुभा तिच्याबरोबर असायची. ती गाडी चालवायची आणि अंदाज बांधायची. गाडी उत्तम चालवायची.

वल्लरीने सगळं सांगितलं. ती, नवरा नकुल आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, असे तिघं बेल्जियममधल्या ब्रूजला निघाले होते. कालव्यांचं जुनं गाव, आणि हातांनी विणलेल्या लेसचं. सासूबाईंनी, अहिल्याबाईंनी, मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवलं. ती लेस विणणाऱ्या बायकांचे हात एकदा जवळून बघायचे, एवढंच त्यांचं मागणं. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता. दुसरा डॉक्टरांच्या मते दिवाळीपर्यंतच.

"पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणता येत नाही, पद्मिनीताई. पुढच्या वर्षी त्या फक्त ऐकतील."

ड्रॉवरमधल्या फाइलीत तिन्ही पासपोर्ट होते. सोमवारी पाहिलं तर तिचा आणि नकुलचा नव्हता. सासूबाईंचा होता. शेजारी बांगड्यांची डबी होती, तिला कोणी हात लावला नव्हता.

पोलिसांत कळवलं का, असं पद्मिनीने विचारलं. नकुल नको म्हणाला होता, उगाच आई घाबरेल. पोलीस रिपोर्टशिवाय नवा पासपोर्ट मिळणार नाही हे वल्लरीने त्याला वाचून दाखवलं, तर बघू म्हणाला आणि ऑफिसला गेला. तिचा संशय ठरलेला होता. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा शार्दूल. काल तिने त्याला खोली सोडायला सांगितलं होतं.

शार्दूल नागपूरचा, इथे पीएचडी करणारा. शेजारच्या मॉरिसव्हिलमधल्या वल्लरीच्या घरी पद्मिनी आणि शुभा पोचल्या तेव्हा तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"दुसऱ्यांचे पासपोर्ट घेऊन मी काय करू, मॅडम? इथे माझाच रिन्यू होत नाहीये."

नकुलदादांबद्दल त्याच्या तोंडी वाईट शब्द नव्हता. दीड महिन्यापूर्वी त्यांना लॅपटॉप हवा होता, तर याने आपला जुना देऊन टाकला. ते रोज तो बॅगेत घालून नेतात. "वहिनींनी मला विचारलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "त्यांनी विचारलंच नाही. नुसतं जा म्हणाल्या."

अहिल्याबाई खिडकीशी बसून बोटांच्या अंदाजाने क्रोशा विणत होत्या. विमानाची भीती वाटते का, असं शुभाने आडून विचारलं.

"मग साताऱ्याहून इथे काय बैलगाडीने आले?"

मुलाबद्दल विचारल्यावर त्या खाण्याबद्दल बोलल्या. तीन महिन्यांपूर्वी त्या आल्या तेव्हा त्याला डब्यात रस्साभाजी लागायची. हल्ली नुसती पोळीची गुंडाळी मागतो. ऑफिसातला मायक्रोवेव्ह बिघडलाय म्हणे. "एवढी मोठी कंपनी, आणि दीड-दोन महिने एक यंत्र दुरुस्त होईना."

गाडीत शुभाने निकाल लावला. सासूबाईंनीच लपवले. "ज्याचा राहिला तोच चोर, यार. सिंपल."

"त्यांना जायचंच नसतं तर त्यांनी स्वतःचाच लपवला असता," पद्मिनी म्हणाली.

संध्याकाळी साडेपाचला नकुल आला. पद्मिनीने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. शार्दूललाही खाली बोलावलं.

"चोराने नेलं काय, यापेक्षा ठेवलं काय ते बघू," ती म्हणाली. "सोनं ठेवलं, म्हणजे ही सोन्यासाठी केलेली चोरी नाही. अहिल्याबाईंचा पासपोर्ट ठेवला, म्हणजे त्यांच्या जाण्याने चोराचं काही बिघडत नव्हतं. त्या टूरिस्ट व्हिसावर आहेत, जाऊन परत येऊ शकतात. तुम्हा दोघांचा व्हिसा मात्र नकुलच्या नोकरीला टांगलेला आहे. नोकरी असेल तर परत येता येतं. नसेल तर बाहेर पडलं की दार बंद."

नोकरी आहे, असं नकुल म्हणाला. त्याने आईकडे पाहिलं नाही.

"मग कंपनीचा लॅपटॉप कुठाय? नोकरी गेली की आधी तो परत घेतात, म्हणून तू शार्दूलचा नेतोस. मोठ्या कंपनीत मायक्रोवेव्ह दोन महिने बंद राहत नाही. गाडीत बसून जेवणाऱ्याला मात्र पोळीची गुंडाळीच सोयीची. आणि पोलीस तुला नको होते, कारण रिपोर्ट झाला असता तर नवे पासपोर्ट निघाले असते. तुला ते निघायला नको होते."

नकुल उठून गॅरेजमध्ये गेला. परतला तेव्हा हातात एक पाकीट होतं. त्यातले दोन पासपोर्ट त्याने टेबलावर ठेवले. सात आठवड्यांपूर्वी त्याला काढून टाकलं होतं. या व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात, मग देश सोडावा लागतो. त्यातले अकरा उरले होते.

"आईने चोराला शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला. "ते मला चाललं असतं."

"रोज कुठे बसायचास?" वल्लरीने विचारलं.

"लायब्ररीच्या पार्किंगमध्ये."

ती शार्दूलकडे वळली. माझं चुकलं म्हणाली, राहा म्हणाली. "मित्राकडे खोली मिळाली, वहिनी," तो शांतपणे म्हणाला आणि वर गेला.

अहिल्याबाईंनी आपलंही तिकीट रद्द करायला सांगितलं. एकटीला अर्धंच दिसणार, उरलेलं सांगायला बरोबर कोण?

वल्लरीने टेबलावरच्या दोनातला एक पासपोर्ट उचलून पर्समध्ये टाकला.

"मी आहे, आई. शनिवारी आपण दोघी निघतोय."

"वल्लरी, तू गेलीस तर परत येता येणार नाही," नकुल म्हणाला.

"ऐकलं मी मघाशी. ब्रसेल्सहून मुंबईला विमानं जातात."

तो काहीतरी बोलणार होता. तिने त्याला थांबवलं.

"माळ्यावरची मोठी बॅग काढून दे. छोटीत माझं सगळं मावणार नाही."