तळवटवाडीच्या विहिरीतलं ऊन

फोन आला तेव्हा वर्गातल्या पडद्यावर भिवराबाई विहिरीत उतरत होती.

अंजना फोन घेऊन बाहेर आली.

"अंजे, तुझ्या बापाला नेलं गं." तिच्या आईचा, तुळजाबाईचा, आवाज एरवी रस्त्यापलीकडं ऐकू जायचा. आज कानाला लावूनही पुरत नव्हता. "फौजदार आलता. म्हनला, आसारामनं वाडीचं पाणी डाळिंबाच्या बागेला इकलं, म्हून भिवरा इहिरीत उतरली अन् मेली."

"दादानं विकलं?" बापाला ती दादाच म्हणायची.

"त्याला इकता आलं असतं, तर तू सरकारी कालिजात कावून शिकली असतीस?"

हा पुरावा बिनतोड होता. पण फौजदारापुढं चालणारा नव्हता.

वडवणीच्या रस्त्यावर सहकारी सूतगिरणीची मोठी इमारत आहे. तिच्यातून सूत सोडून सगळं निघालं. दोन आमदार निघाले, तीन चौकशा निघाल्या, आणि शेवटी सरकारी प्रसारण महाविद्यालय निघालं. अंजना तिथं शेवटच्या वर्षाला होती, दूरचित्रवाणी पत्रकारितेला. तिचा बाप तालुका दूध संघाचा टँकर चालवायचा. दोन हजार तेराच्या त्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. मग संघाचे अध्यक्ष सुंदरराव यांनी दुधाच्याच टँकरमधून पाणी वाहायचं काम घेतलं. पाण्याला दुधाचा वास यायचा. लहान मुलं खुश होती.

अंजना वर्गात परतली. फिल्म पुन्हा लावली होती. गेल्या आठवड्यात ती एका मराठी वाहिनीवर लागल्यापासून महाविद्यालयात रोज कुणीतरी पाहुणा यायचा आणि रोज ती पुन्हा लागायची.

फिल्मचं नाव 'तळ'. लांबी सहा मिनिटं. श्रेयनामावलीत एकच नाव चार वेळा: सुग्रीव. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन.

पहाट. भिवराबाईचं घर. थंड चूल, तिच्यापाशी मांजर, कोपऱ्यात ओला काळाभोर रांजण. भिवराबाई कॅमेऱ्याकडं बघून लाजते, पदर तोंडावर घेते. अंगावर घडीच्या रेघा न मोडलेलं जांभळं लुगडं.

मग विहीर. दगडी, अरुंद, पन्नास फूट खोल. कॅमेरा तळाशी. भिंतीतल्या लोखंडी कड्या धरत भिवराबाई उतरते, पाठीला कळशी बांधलेली. कॅमेरा हळूच खाली झुकतो. वीतभर पाण्यावर उन्हाची लख्ख ताटली, आणि भिवराबाईच्या समोरच्या बाजूला, ताटलीच्या कडेला, एक गोल सावली थरथरते.

मग काळा पडदा. राधाकिशन सरांचा घनगंभीर आवाज: "त्या दिवशी टँकर आला नाही."

शेवटी अक्षरं: 'सकाळी नऊला चित्रीकरण आटोपून आम्ही निघालो. दुपारी भिवराबाई पाण्यासाठी पुन्हा विहिरीत उतरल्या.'

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले आणि चहा कुठंय ते विचारलं.

राधाकिशन सर विभागप्रमुख होते. गिरणीचे पत्रे तापायचे, म्हणून वर्गातही डोक्यावर रुंद काठाची पांढरी कापडी टोपी असायची. मुलांवर जीव. "माणूस रडत नसेल तर कॅमेरा बंद करू नका," ते सांगायचे, "थोडं थांबा, रडेल."

अंजनानं त्यांना दारात गाठलं.

"सर, माझ्या वडलांना अटक झाली."

"कळलं मला. फार वाईट झालं." सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण बघ, आपल्या माध्यमाची ताकद केवढी आहे!"

"टँकर आला नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अख्खी वाडी सांगते."

"फिल्म लागल्यावर सांगते. निवेदन आधी लिहिलेलं."

"अंजना, बाई विहिरीत उतरली म्हणजे पाणी नव्हतं. याला सांगायला कोण लागतं?"

"तुम्ही गेलता का तिकडं?"

"मी त्या दिवशी बीडला, पेपर तपासत होतो. तुमचेच. कपाळ धरून."

"ती गोल सावली कशाची, सर?"

सर हसले. "मला ती दुष्काळाची वाटते. एका परीक्षकाला मृत्यूची वाटली. मी दोन्ही ठेवल्या."

सुग्रीव संपादनाच्या खोलीत होता. गेवराईचा पोरगा, सहा फूट उंच. फिल्म गाजल्यापासून वाकून चालायचा.

"तू एकटाच होतास तिथं?"

"नावं वाच की. सगळीकडं मीच हाय."

"निघालास कधी?"

"नऊला. लिवलंय ना शेवटी."

"लिहिलंय ते वाचलं. निघालास कधी?"

सुग्रीवनं भिंगाचं झाकण काढलं, लावलं, परत काढलं. "अंजे, निवेदन सरांनी लिवलं. मी फकस्त चित्र लावलेत. मला काय इचारू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना तळवटवाडीत उतरली. माणसं गाव आणि छावणीत वाटली गेली होती. म्हातारे गावात, बाकीचे छावणीत जनावरांपाशी. भिवराबाई विहिरीत सापडली तीही चारला, बाया छावणीतून परतल्यावर.

शेजारीण जानकीबाई दारात लसूण सोलत होती.

"मावशी, भिवराबाई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी टँकर आलता का?"

"न्हाई."

"दादाच्या खेपांच्या वहीत पाणी मिळाल्याचा तुमचा अंगठा हाय."

"माझा न्हाई त्यो. अंगठे काय, कुनाचेबी असतेत."

"भिवराबाईचं लुगडं कोणतं होतं ते?"

जानकीबाईचा हात थांबला. "जांभळं? ते तिनं सरणावर नेसवायला घेऊन ठिवलतं. पोरीच्या लग्नातबी काढलं न्हाई."

"मग पाणी आणायला जाताना कावून नेसली?"

"मला काय म्हाईत?" लसणाची पाकळी टोपलीत पडली. जानकीबाईनं आवाज उतरवला. "अंजे, तू शिकल्याली हायेस म्हून सांगते. भिवरा गेली तवा तहसीलचा साहेब आला. आदी एक टँकर यायचा, आता दोन येतेत. भिवराला आता पाणी लागत न्हाई. आमाला लागतंय. तुझा बाप सुटला, की दुसरा टँकर गेला."

"म्हणून माझा बाप आत ठेवायचा?"

"जेवाया देतेत की तितं," जानकीबाई म्हणाली. यात तिला काही वावगं बोलल्यासारखं वाटलं नाही.

अंजना विहिरीवर जाऊन बसली. दहाला ऊन पहिल्या चार कड्यांपर्यंत उतरलं होतं. अकराला अर्ध्या भिंतीवर. तळ अंधारा, घुशीच्या बिळासारखा. ती बसूनच राहिली. बारा वाजून वीस मिनिटांनी तळाच्या पाण्यावर उन्हाची चतकोर चकती पडली, वाढली, पूर्ण ताटली झाली. पाऊण वाजता गेली.

ऊन तळाला असताना अंजनानं काठावरून वाकून खाली पाहिलं होतं. तिची सावली पाण्यात तिच्याकडं बघत होती.

त्याच संध्याकाळी तिनं फौजदार त्रिंबक यांना फोन केला. फिल्मची तबकडी पुरावा म्हणून न्यायला ते सकाळी महाविद्यालयात येणारच होते. पाच मिनिटं जास्त द्या, एवढंच ती म्हणाली.

फौजदार आले, बसले, चहा झाला. सर होते, सुग्रीव होता. अंजनानं फिल्म लावली आणि पहिल्याच चित्रावर थांबवली.

"साहेब, हा रांजण बघा."

"बघितला. मातीचा हाय."

"मातीचा रांजण पाझरतो. पाणी जिथवर, ओल तिथवर. कोरडा रांजण उन्हाळ्यात राखेसारखा पांढरा पडतो. हा गळ्यापर्यंत काळा हाय. म्हणजे गळ्यापर्यंत भरलेला. वाडीत दुसरं पाणी न्हाई. टँकर आदल्या संध्याकाळी आलता, वहीत लिहिलंय तसा."

फौजदार पुढं सरकले. आपल्या घरचा रांजण त्यांना आठवला असावा. "मंग भरल्या घरातून बाई इहिरीत कावून उतरली?"

"तेच मी इचारत होते. सरणाचं लुगडं नेसून, पाठीला कळशी बांधून, लाजत. बाई पाण्याला चालली नव्हती, साहेब. टीव्हीवर चालली होती."

सर हसले. "असेल. सकाळी आमच्या मुलानं तिला विनंती केली असेल. कॅमेऱ्यासाठी माणसं थोडं सजतात. दुपारी ती स्वतःहून उतरली, त्याला आम्ही काय करणार?"

अंजनानं फिल्म पुढं नेली. उन्हाच्या ताटलीवर थांबवली.

"सर, हे कधीचं?"

"सकाळचं."

"या विहिरीच्या तळाला सकाळी ऊन जात न्हाई. मी काल बसून बघितलं. बारा वीस ते पाऊण, तेवढाच वेळ ऊन तळाला टेकतं. म्हणजे भिवराबाई मेली त्या दुपारी कॅमेरा तळाशी होता. नऊला कुणीच निघालं नव्हतं."

सुग्रीवनं भिंतीला पाठ लावली.

"आता ही सावली," अंजना म्हणाली. "कळशी बाईच्या पाठीवर, बाई ह्या भिंतीला चिकटलेली. सावली समोरच्या काठावरची. सुग्रीव खाली. मग वर वाकून कोण बघतंय? वाडीचे म्हातारे फेटा बांधतेत, न्हाईतर टोपी घालतेत गांधी. ही सावली गोल हाय. रुंद काठाची."

खोलीत कुणी कुणाच्या डोक्याकडं पाहायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवल्यासारखं झालं. फौजदारांनी मात्र पाहिलं. नोकरीचा भाग होता.

"बीडला पेपर तपासत होता म्हणे तुमी?"

"हा पुरावा नाही," सर शांतपणे म्हणाले. "ही रसग्रहणाची एक पद्धत आहे."

"सुग्रीव," अंजना म्हणाली, "माझ्या बापाला आत जाऊन आज तिसरा दिवस हाय."

सुग्रीव तसाच घसरत खाली बसला.

"तीनदा उतरवली," तो म्हणाला. "पहिल्यांदा वरून घेतलं. सर म्हनले, मजा न्हाई. दुसऱ्यांदा मदी लटकून घेतलं. सर म्हनले, मला तळाकडून पाहिजे, अन् तळाला ऊन पाहिजे. दुपारपर्यंत बसवली तिला. म्हातारी म्हनली, लेकरा, हात थरथरतेत. सर म्हनले, आजी, थरथर छान दिसते. उतरा." त्यानं तोंड पुसलं. "शेवटल्या कड्यांवरनं सुटली. माझ्या पायापाशी पडली. सर वरून वरडले."

"काय ओरडले?"

"'आलं का रे?'"

फौजदारांनी खिशातून पेन काढलं.

"मी म्हनलो, बाई पडली. सर म्हनले, ते दिसतंय, आलं का ते सांग. मंग म्हनले, वर ये, आपन इथं नव्हतोच. मी कड्या चढताना तिचा हात हलत होता." सुग्रीव कुणाकडंच बघत नव्हता. "चारपर्यंत हलत आसंल."

"अन् टँकर?" फौजदारांनी विचारलं.

"गाडीत सरांनी इचार केला. बाई उतरली तर कारन पाहिजे. म्हनले, लिही, त्या दिवशी टँकर आला नाही."

"मूळ चित्रण कुठंय?"

"कपाटात. आवाजासकट. सर म्हनतेत, मूळ चित्रण कधी पुसायचं न्हाई."

"बरोबर," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच शिक्षकाचं समाधान होतं. "हे मी पहिल्याच तासाला शिकवतो. अंजना, निरीक्षण उत्तम. तुला मी पैकीच्या पैकी दिले असते." मग ते फौजदारांकडं वळले. "पण एक लक्षात घ्या. त्या बाईला आज सारा महाराष्ट्र ओळखतो. एरवी तिला कोण विचारत होतं?"

"चला," फौजदार म्हणाले. "आता आमी इचारतो."

आसाराम दोन दिवसांनी सुटला. सुंदररावांनी त्याला संघाच्या कचेरीत हार घातला, छायाचित्र काढून घेतलं आणि तासाभरात टँकरची किल्ली हातात दिली. दुसरा चालक मिळत नव्हता. त्याच दिवशी तहसीलचा कागद निघाला: भिवराबाईचा मृत्यू पाणीटंचाईमुळे झाला नसल्याचे निष्पन्न झाले आहे, सबब तळवटवाडीचा जादा टँकर बंद करण्यात येत आहे.

पहिल्या खेपेला अंजना बापाशेजारी बसली. टँकर वाडीत थांबला. बाया आधीच रांगेत होत्या. कुणी आसारामकडं पाहिलं नाही, कुणी अंजनाकडं पाहिलं नाही. हंडे भरले, ड्रम भरले, लोटे भरले. पाणी पडण्याचा तेवढा आवाज. जानकीबाईचा नंबर शेवटी होता. तिचा हंडा पाऊण भरला आणि नळी खरखरली.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं," आसाराम म्हणाला.

जानकीबाईनं हंडा उचलून घरात ठेवला, झाकला, हात पदराला पुसले. मग ती अंजनाच्या खिडकीशी आली आणि तिनं शिव्या द्यायला सुरुवात केली. मागून बाकीच्या बाया आल्या.

अंजनानं काच वर घेतली नाही.

आसारामनं किल्लीला हात लावला, आणि काढून घेतला. त्यांचं संपेपर्यंत तो थांबला.