पालथा माठ

कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर विश्वनाथांनी भोपाळपासून तासाभरावरच्या कसब्यात घर बांधलं. अंगणातली बोअर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून मारून घेतली होती. तिच्या पाण्याला नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे.

बायको मनोरमा दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी सुप्रिया चार महिन्यांच्या चिन्मयला घेऊन माहेरी आली, तेव्हा आजीची कामंही आजोबांनीच अंगावर घेतली. बाळ पावडरच्या दुधावर होतं. विश्वनाथ पहाटे पाणी उकळत, निववत आणि माठात भरत.

आठ दिवसांनी, भर दुपारी, माठ पालथा दिसला.

"सुप्रे, माठ कोणी ओतला?"

"मी नाही बाबा. तुम्हीच विसरला असाल."

"मी विसरत नसतो."

दुसऱ्या दुपारी तेच. बाहेर लूच्या गरम झळा चाललेल्या, दारं बंद. स्वयंपाकघरात वाळ्याचा वास भरला होता. मनोरमा उन्हाळाभर माठात वाळ्याची जुडी टाकायची. तिच्यामागे घरात वाळा आला नव्हता. शिळं पाणी ओतून ती माठ असाच पालथा घालायची आणि बुडावर लोटी ठेवायची. लोटी बुडावर होती. मोरी मात्र कोरडी. फरशीही कोरडी.

सुप्रिया हळूच म्हणाली, "बाबा... आई पाणी शिळं झालं की..."

"गप्प बस. सकाळी भरलेलं पाणी शिळं कसं होईल?"

तिसऱ्या दुपारी ते स्टूल टाकून माठासमोर बसले. पंखा बंद केला. बराच वेळ काही नाही. मग वाळ्याचा वास आला आणि घळघळ आवाज सुरू झाला... अगदी पायाशी. त्यांनी खाली पाहिलं. फरशी कोरडी. वर पाहिलं, तर माठ पालथा.

"अगं..." त्यांच्या तोंडून निघालं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पाळण्यातून आवाज नव्हता. ते धावले. चिन्मयचे ओठ जांभळाचा रस लागल्यासारखे झाले होते.

भोपाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पानी कहाँ का पिलाते हैं?"

"घर की बोअर का. उबालकर."

"दादाजी, उबालने से कीड़े मरते हैं. खेतों की खाद का नाइट्रेट नहीं जाता. और गाढ़ा हो जाता है."

विश्वनाथांनी मान खाली घातली. असं कधी होत नसे.

बाळ वाचलं. पाणी पिऊ नये म्हणून बोअरला लाल रंग त्यांनी स्वतःच फासला. बाहेरून पाण्याचे कॅन येऊ लागले, आणि माठ दिवसभर जागचा हलेना. रोज दुपारी ते त्याच्यावर हात ठेवून म्हणत, "ऐकलं हो तुझं. आता तरी बस." सुप्रिया तोंड फिरवून हसे. त्यांना ते दिसे, पण ते रागवत नसत.

महिन्याभरात कसब्यात नळ आला. विश्वनाथांनी पाण्याची तपासणी करवून घेतली. कागदावर शिक्का होता: पाणी पिण्यायोग्य. त्यांनी माठ घासला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि कागद खिशात ठेवून जरा पडले.

वाळ्याच्या वासाने जाग आली.

माठ पालथा होता. बुडावर लोटी. लोटीत वाळ्याची एक ओली काडी. सुप्रिया बाळाला मांडीवर घेऊन बाटली हलवत होती.

विश्वनाथांनी खिशातला कागद काढलासुद्धा नाही.

"बाटली ठेव खाली," ते म्हणाले. "आई नको म्हणतेय."