अंड्यासारखं वर्तुळ

"ट्रॅक्टर आला! आफियाताई, ट्रॅक्टर आला!" तिचा धाकटा भाऊ झियान वाळू उडवत धावत आला.

आफिया ताडकन उठली. उद्यापासून दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी जत्रा भरणार होती, म्हणून ट्रॅक्टर वाळू सपाट करणार होता. आणि त्याच वाळूत कुठेतरी कासविणीची अंडी होती!

आफियाच्या नानांनी, करमअलींनी, मार्चमधल्या एका पहाटे त्या कासविणीला अंडी घालताना पाहिलं होतं. जवळच्या सुरूच्या दोन झाडांपासून घरट्यापर्यंत त्यांनी दोरी ताणली आणि दोन्ही अंतरांना एकेक गाठ मारून ठेवली. "जबान दिली हाय मी तिला," ते म्हणत. "म्हटलं, तू जा बिनघोर. मी हाय."

पण खुणेची काठी भरतीने नेली. एक सुरू वाऱ्यात पडला आणि लोकांनी तो बुंध्यासकट सरपणाला नेला! मग उरलेल्या एका झाडावरून घरटं शोधायचं कसं?

नशीब, शेजारच्या हर्षदच्या प्रणालीताईने कॉलेजच्या कामासाठी किनाऱ्यावरचं प्रत्येक झाड आधीच मोजून ठेवलं होतं. सुट्टीत आफियाला ‘आर’ ही संगणकाची भाषाही तिनेच शिकवली होती. आफियाने झाडांचे ठिपके काढले आणि त्या दोन ठिपक्यांभोवती गाठींच्या अंतराची वर्तुळं काढली. समुद्राच्या बाजूला ती जिथे एकमेकांना छेदतील, तिथे घरटं!

पण वर्तुळं आली उभट.

"ही वर्तुळं का अंडी गं?" सुजितकाका काल खो-खो हसले होते. गावातलं कासवं वाचवायचं काम तेच बघत. त्यांनी छापलेला कागद घेतला, काकूंची बांगडी आणि डब्याचं झाकण ठेवून झकास गोल काढले, कडेचे आकडे वाचून कुंपण घातलं आणि हाताने उकरून पाहिलं. काहीच नाही! "कुत्र्यांनी नेली," ते म्हणाले. नाना रात्री जेवलेच नाहीत.

"आधी कुंपण तपासू," आता ट्रॅक्टरकडे बघत आफिया म्हणाली.

हर्षदने दोरीचं टोक उरलेल्या सुरूला बांधलं. आफिया त्या झाडाची गाठ धरून कुंपणापर्यंत गेली आणि थबकली. गाठ तर अजून तिच्या हातात होती, आणि दोरी सैल लोंबत होती!

"गाठ इथे येतच नाही! घरटं आणखी समुद्राकडे आहे!"

"मग बांगडी चुकली?" झियानने विचारलं.

आफियाने लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. "हे बघ! आडवं एक बोट म्हणजे वीस मीटर, आणि उभं एक बोट म्हणजे फक्त पाच! चित्रच उभं ताणलेलं. मग त्यात खरं वर्तुळ अंड्यासारखंच दिसणार!"

दोन्ही मापं सारखी ठेवायची सूचना तिने लिहिली. चटकन वर्तुळं गोल झाली. छेदाचे आकडे मात्र तेच राहिले, जे अंड्यासारख्या वर्तुळांनी कालच दाखवले होते!

"हर्षद, ट्रॅक्टर थांबव!"

हर्षद ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभा राहिला. "काका, पाच मिनिटं! नायतर माझ्यावरून न्या!"

"तुझ्यावरून नेऊन डिझेल कशाला फुकट घालवू?" ट्रॅक्टरवाला हसला. पण थांबला.

आफियाने आकड्यांप्रमाणे जागा मोजली. दोरी ताणली, आणि गाठ नेमकी तिथेच आली! गलका ऐकून आलेले सुजितकाका गुडघ्यांवर बसले. बोटांनी हळूच वाळू सारली. पिंगपाँगच्या चेंडूसारखं एक पांढरं अंडं दिसलं!

त्यांनी लगेच वाळू परत लोटली. "आता हलवायची नाहीत. पिल्लं आपणहून येतील." मग ते उठले आणि त्यांनी कान पकडले. "पोरांनो, उपकार झाले. सुंदर दिसावं म्हणून मी बरोबर उत्तर खोडलं."

"बांगडी काकूंना परत द्या पहिली," झियान म्हणाला. सगळे हसले.

कुंपण हललं. ट्रॅक्टर लांबून वळसा घालून गेला. जत्रेचे तंबूही पलीकडे सरकले.

पाचव्या दिवशी सकाळी वाळू हलली. चिमुकली पिल्लं एकामागून एक पाण्याकडे निघाली. नानांनी आफियाच्या डोक्यावर हात ठेवला. "शुकर हाय अल्लाचा. माझी जबान राखलीस, बाय."

मग ते सुरूपाशी गेले आणि त्याच्या खोडावर थोपटत म्हणाले, "आन तुझे पन उपकार, बाबा. तू एकला उभा राह्यलास."