देवीसाठी नेलेली ओटी

सुयश, परेश, ते तिकिटाचं राहू दे घटकाभर. पालमपूरला जायचंय ना? खुशाल जा. जागा सोन्यासारखी आहे. समोर बर्फाचे डोंगर, खाली चहाचे मळे. मी आजवर किती जणांना तिकडे पाठवलं असेल. सुजीतलाही मीच पाठवलं होतं. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून तुम्हाला सांगतो. तो पंखा बंद कर जरा, मोठ्याने बोलायची इच्छा नाही.

सुजीत माझ्या ऑफिसातला. दुबई मरीनाला तेविसाव्या मजल्यावर घर, बायको मुग्धा, सात वर्षांची मुलगी ईश्वरी. दोन हजार चोवीस सालची गोष्ट. सव्वीस डिसेंबर, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मुग्धाने हळदीकुंकवाला पाच सवाष्णी बोलावल्या होत्या आणि सुजीतला गजरे आणायला बर दुबईला पिटाळलं होतं. पाच गजरे ओल्या कागदात गुंडाळून तो निघाला. गाडीत सगळा मोगऱ्याचा वास. वाटेत त्या पाचांतल्या संजनाचा फोन आला.

"सुजीत, मुग्धा फोन उचलत नाहीये. मी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेय. मला काही जमणार नाही आता. सॉरी सांग तिला."

म्हणजे चारच राहिल्या. पाचवी सवाष्ण आता कुठून पैदा करायची, असं त्याच्या मनात आलं आणि का कोण जाणे, त्याला पालमपूरची ती बाई आठवली.

तीन आठवड्यांपूर्वी, नॅशनल डेच्या लाँग वीकेंडला, तिघं तिकडे जाऊन आली होती. बैजनाथाचं देऊळ झालं, चहाचे मळे झाले, बीरला माणसं आकाशात उडतात तेही बघून झालं. शेवटच्या दिवशी चामुंडेला जायचं होतं. मुग्धाने देवीसाठी दुबईहून ओटीचं सामान नेलं होतं. हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं. पण निघायला उशीर झाला, त्यात ईश्वरीला तहान लागली आणि जवळचं पाणी संपलेलं. ड्रायव्हरने एका पडक्या बंगल्यापाशी गाडी थांबवली. खाली दगडगोट्यांतून नदी वाहत होती. बंगल्याच्या पायरीवर एक बाई बसली होती. मुग्धाच्याच वयाची. डोक्याला रुमाल, नाकात ही एवढी नथ. तिने न मागता ईश्वरीपुढे पितळेचा लोटा धरला.

बोलता बोलता ती म्हणाली, "मेरा मायका नहीं है, दीदी. एक रात में बह गया. सब बह गए."

आता आपल्या बायका कशा असतात, तुम्हाला ठाऊक आहे. मुग्धाचा जीव कळवळला. देऊळ काही आता होत नाही, मग सवाष्ण म्हणजे देवीच, असं म्हणून तिने देवीची ओटी त्या बाईच्या पदरात घातली. कुंकू लावलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण आपली ती जन्माची खोड. निघताना 'या हो एकदा घरी' म्हणायचं आणि मनात म्हणायचं, येतेय कशाला. मुग्धा म्हणाली, "आज से हमारा घर आपका मायका. दुबई आना कभी."

बाईने मान वर केली. "मायके से बेटी खाली हाथ नहीं जाती ना?"

"बिलकुल नहीं! जो मांगोगी वो देंगे," मुग्धा हसत म्हणाली.

ओटी घेतली की त्यातले पाच दाणे परत द्यायचे असतात, म्हणजे देणाऱ्याच्या घरी बरकत राहते. मुग्धाने ते सांगून हात पुढे केला. बाईने मूठ मिटून घेतली.

"लौटाऊंगी. जब मिल जाएगा, तब."

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "मॅडम, वो सामान वहां क्यूं छोड़ दिया?"

"छोड़ा नहीं, दिया है," मुग्धा म्हणाली आणि ईश्वरीला स्वेटर घालू लागली.

हॉटेलवर ड्रायव्हरने सुजीतला बाजूला घेतलं. "सर, सीढ़ी पर तो कोई नहीं था."

सुजीतने हे मुग्धाला सांगितलं नाही. उगाच घाबरेल म्हणून. खरं तर तोच घाबरला होता, आणि इंजिनिअर माणसाने भुताला भ्यायचं म्हणजे लाज वाटते. म्हणून गप्प बसला. तिथेच चुकला बिचारा.

तर तो गजरे घेऊन बिल्डिंगखाली पोचला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. लॉबीत यूनुस होता, तिथला सिक्युरिटी. पेशावरकडचा, सज्जन माणूस. तो फरशी पुसत होता.

"सर, आपकी गेस्ट ऊपर गई. पूरी भीगी हुई. मैंने पूछा, मैडम, बारिश तो है नहीं?"

"कोण गेस्ट?"

"नाम नहीं बताया. बोली, मायके आई हूं."

सुजीतच्या हातातला कागद चुरगळला. दारापासून लिफ्टपर्यंत पाण्याचे ठसे होते. अनवाणी पायांचे. यूनुस पुसत होता... आणि पुसलेल्या जागी ते पुन्हा उमटत होते.

लिफ्ट आली. आत गारठा. नदीचा वास. दहा... पंधरा... वीस... सुजीतला वाटलं, ही वर चाललीये की खाली? कानात पाण्याचा आवाज भरला होता. तेविसावर दार उघडलं. घराचं दार उघडंच होतं.

हॉलमध्ये चौघीजणी बसल्या होत्या. कपाळाला कुंकू. हातात दुधाचे पेले. कुणी पीत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. मुग्धा ताट घेऊन उभी होती. तिने वळून पाहिलं. डोळे उघडे, पण झोपेत असल्यासारखे.

"आलात? पाच झाल्या बघा," ती म्हणाली. "पाचवी ईश्वरीच्या खोलीत आहे."

सुजीत चालू लागला. पॅसेज दहा पावलांचा. त्याला म्हणे संपता संपेना.

ईश्वरी जमिनीवर बसली होती. पाठमोरी. मागे ती बाई. ती ईश्वरीचे केस विंचरत होती. केसांतून पाणी गळत होतं. थेंब... थेंब...

"बाबा," ईश्वरी म्हणाली. "मावशी इज सो कोल्ड. शी सेज देअर इज अ रिव्हर. कॅन आय गो?"

"ईश्वरी, इकडे ये."

ती हलली नाही. बाईने वेणी मुठीत धरली होती. हिरवा खण तिच्या खांद्यावर होता. शेवाळलेला.

"भाईसाब," ती म्हणाली. "मायके आई हूं. जो मांगूंगी, दोगे. जबान दी है."

सुजीत पोरीचा बाप होता. त्याला एकच सुचलं, आपल्याच रिवाजातलं. माहेरवाशिणीला एकटीने कधी पाठवत नाहीत. भाऊ पोचवायला जातो.

"भाई बोला ना मुझे?" तो म्हणाला. "तो भाई छोड़ने आएगा. मैं आऊंगा. बच्ची को छोड़."

बाईने वेणी सोडली नाही.

"कब?"

"शिवरात्री को."

मूठ उघडली. ईश्वरी रडत धावत येऊन त्याला बिलगली. त्याने तिला उचलून वर पाहिलं तेव्हा खोली रिकामी होती. बाहेर चौघीजणी एकदम बोलायला लागल्या होत्या. दूध गार कसं झालं म्हणून.

हे सगळं त्याने मला सांगितलं फेब्रुवारीत, एअरपोर्टवर, मी सोडायला गेलो होतो तेव्हा. मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, गाढवा, भुताला दिलेला शब्द कोण पाळतं?

तो म्हणाला, "काका, गुरुवार आला की रात्री ईश्वरीचे केस ओले होतात. मी पुसतो. परत होतात. मागच्या गुरुवारी उशीसुद्धा ओली झाली. नाकातोंडात पाणी गेल्यासारखी खोकत होती. मी काय करू, सांगा."

वर तोच हसून म्हणाला, "बैजनाथला जत्रा असते त्या दिवशी. सगळीकडे माणसंच माणसं. पोचवतो आणि येतो." मला त्या पोराचा अभिमान वाटला आणि रागही आला. आजही दोन्ही वाटतं.

शिवरात्रीच्या दिवशी संध्याकाळी पाचला ड्रायव्हरने त्याला त्या बंगल्यापाशी सोडलं. तोच ड्रायव्हर. तो आठपर्यंत थांबला. हाका मारल्या. नदीकडे उतरलेला माणूस वर आला नाही. पोलिसांनी तीन दिवस शोधलं. पाणी म्हणाल तर घोट्याएवढं.

ईश्वरी ठीक आहे. त्या दिवसापासून तिचे केस कोरडे आहेत.

मुग्धाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. सुजीत ऑफिसच्या कामाने दिल्लीला गेलाय, एवढंच. पण त्याच रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी तिच्या दाराची बेल वाजली. तिला वाटलं, सुजीत लवकर आला. तिने दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. लिफ्ट खालीच होती.

पायपुसण्यावर तांदळाचे दाणे होते. कुंकू लागलेले, ओले.

तिने मोजले.

पाच.