सही होईपर्यंत

डुलुथचा उचलपूल एकदा वर गेला की खाली कुणाचंच काही चालत नाही. बोट जाईपर्यंत गाडी बंद करायची आणि बसून राहायचं. त्या ऑक्टोबरच्या सकाळी खाणीतलं लोखंड भरलेली एक लांबलचक बोट धुक्यातून संथ सरकत होती, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून मोठमोठ्यानं बोलत होते... स्वतःशीच.

"परवाना संपलेला! म्हणे परवाना संपलेला! म्हणजे मी काय इतके दिवस भुताच्या हाताखाली काम करत होते?"

काचेवर टकटक झाली. मी दचकून वर पाहिलं. लोकरीची टोपी, थंडीनं लाल झालेलं नाक, आणि त्याच्या दोन बाजूंना हसू दाबायचा प्रयत्न करणारे डोळे.

"पूल खाली आलाय," तो म्हणाला. "मगाशीच. मागे अख्खी पार्क पॉइंट वस्ती उभी आहे."

मागे वळून पाहिलं, तर खरंच गाड्यांची रांग लागली होती. मी घाईघाईनं किल्ली फिरवली.

"तुम्ही ठीक आहात ना?"

"नाही. पण गाडी चालवण्याइतकी आहे."

"बरं... ते भूत कोण, एवढं सांगून जा. नाहीतर दिवसभर माझ्या डोक्यात राहील."

"सुपीरियरचा एक सीपीए," मी काच वर करत म्हणाले. "माणूस जिवंत आहे. परवाना मेलाय त्याचा."

आरशात पाहिलं तेव्हा तो रस्त्यातच उभा होता, आणि आता हॉर्न त्याच्यासाठी वाजत होते.

मी आइली कोस्केला. मी मावशीकडे राहायची ती मिनेसोटातल्या डुलुथमध्ये, आणि नोकरी करायची ती खाडीपलीकडे विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावात. मधे नुसतं पाणी, पण कायदे दोन राज्यांचे. सीपीएच्या, म्हणजे सनदी लेखापालाच्या, परीक्षेचे सगळे पेपर मी सोडवले होते. पण आमच्याकडे परीक्षा झाली म्हणजे अर्धंच काम होतं. परवाना चालू असलेल्या सीपीएच्या हाताखाली वर्षभर काम करावं लागतं, आणि त्यानं तशी सही द्यावी लागते. शेजारच्या राज्यातला अनुभव चालेल, असं मिनेसोटाच्या परवाना मंडळानं मला आधीच सांगितलं होतं. सही करणार होते माझे साहेब, हार्लन ट्वेट. पण बायकोच्या आजारपणात त्यांचं स्वतःचं नूतनीकरण राहून गेलं होतं, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या अनुभवाचा मोठा तुकडा त्यामुळे बाद झाला.

"मी तुझं वर्ष खाल्लं गं," ट्वेटसाहेब डोळे पुसत म्हणाले. त्यांच्यावर रागावणार तरी कसं? जूनमध्ये ते काम बंद करणार होते. त्यांच्याकडे येणारे मासेवाले, बेकरीवाले, बोटी दुरुस्त करणारे... सगळे माझ्या ओळखीचे. "तोपर्यंत परवाना आण," ते म्हणाले. "मग ही खुर्ची, सगळ्या गिऱ्हाइकांसकट, तुझी. नाही आणलास, तर मला ती मोठ्या फर्मला विकावी लागेल."

जूनपर्यंत उरलेले महिने कुणाच्या तरी हाताखाली भरायचे होते. म्हणून सोमवारी मी डुलुथच्या एका फर्ममध्ये मुलाखतीला गेले. टेबलाच्या एका बाजूला फर्मच्या मालकीणबाई मॉरीन डाल. दुसऱ्या बाजूला लोकरीच्या टोपीशिवाय, पण तेच लाल नाक.

"हे अँटन पर्कोविच," मॉरीन म्हणाल्या. "तुम्ही यांच्या हाताखाली काम कराल."

त्यानं माझ्या अर्जावरून नजर वर उचलली. "माझा परवाना चालू आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "भिंतीवर टांगलाय. हवं तर नाडी तपासून बघा."

मॉरीनना काही कळलं नाही. माझे कान मात्र तापले.

अँटन कामात दगडासारखा कठोर होता. माझी पानं लाल पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत यायची, आणि कडेला बारीक अक्षरात एकच प्रश्न– 'कशावरून?' मालकानं सांगितलं म्हणून? कशावरून? गेल्या वर्षी असंच होतं म्हणून? कशावरून? मी चिडायची, पुन्हा करायची, पुन्हा न्यायची. मग कधीतरी पान कोरं परत यायचं, एकही खूण नसलेलं... आणि त्या कोऱ्या पानानं मला दिवसभर तरंगल्यासारखं व्हायचं. कामामुळेच तरंगतेय, असं मी स्वतःला बजावत होते.

वर्षअखेरीच्या साठा-तपासणीसाठी आम्ही गोदीवर मिठाचा डोंगर मोजायला गेलो. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात ते जाडं मीठ– ताडपत्रीखाली घराएवढा ढीग. मोजपट्टीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. सरोवरावरून येणारा वारा गालाला चिमटे काढत होता.

"तुमच्या पापण्यांवर हिम साचलंय," पलीकडून तो ओरडला.

"आकडा सांगा!"

त्यानं आकडा सांगितला. मी लिहिला. पट्टी गुंडाळत गुंडाळत तो जवळ आला आणि शेवटची वीतभर पट्टी गुंडाळायची विसरून तसाच उभा राहिला.

"आइली... मला एक सांगायचंय."

"मिठाबद्दल?"

"नाही."

"मग नका सांगू."

मला वाटलं, आता हा रागावणार. पण त्यानं शांतपणे विचारलं, "का?"

"कारण माझं एक वर्ष आधीच वाया गेलंय," मी म्हणाले. दात थंडीनं वाजत होते, की... कोण जाणे. "माझ्या कामाची ग्वाही तुम्ही देणार. उद्या कुणी म्हणालं, हिच्यावर जीव होता म्हणून सही केली, तर? आणि लोकांचं सोडा. मलाच कधी खात्री वाटणार नाही, की मी हे कमावलं."

"मी 'जीव आहे' असं काही म्हटलेलं नाही."

"म्हणूही नका. सही होईपर्यंत."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि तोवर बोलायचं कशावर?"

"हवामानावर. इथं त्याला तोटा नाही."

आणि तो खरंच हवामानावर बोलू लागला! रोज सकाळी माझ्या टेबलापाशी थांबून– "आज ईशान्येचा वारा आहे, मिस कोस्केला." पण म्हणायचा अशा आवाजात, अशा नजरेनं, की ईशान्येच्या वाऱ्यात लाजण्यासारखं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

"दुपारनंतर निवळेल असं वाटतं?" मी मान खाली घालून विचारायची.

"निवळेल. मला घाई नाही."

"तुम्ही दोघं सरळ हवामान खात्यात अर्ज का करत नाही?" पलीकडून मॉरीन म्हणायच्या.

मार्चमध्ये मात्र सगळं फिसकटलं. उत्तर किनाऱ्यावर वेंडेल सोर्ली नावाचे एक गृहस्थ होते. मासेमारीची जाळी, बोटींची इंजिनं, असल्या सामानाचे व्यापारी. त्यांच्या मालसाठ्याची तपासणी माझ्याकडे होती, पण एक गोदाम बर्फात अडकलं होतं. सोर्ली म्हणाले, आत सगळं ठीक आहे, मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि काम पुरं करून अँटनच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं दार लावून घेतलं. "गोदाम पाहिलंत?"

"रस्ता बंद होता. सोर्लींनी–"

"पाहिलंत का, एवढंच विचारतोय."

"...नाही."

"मग हे काम झालेलं नाही. यावर घातलेले दिवस मी तुमच्या अनुभवात धरणार नाही."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "जूनमध्ये ट्वेट खुर्ची विकतील. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"आणि तरी?"

"तरी." त्याचा आवाज खाली गेला. "तुम्हाला काय वाटतं, हे बोलायला मला सोपं जातंय?"

"हवामानावर बोला," मी म्हणाले आणि दार आपटून निघाले.

गाडीत मनसोक्त रडले. रडता रडता एक गोष्ट मात्र लख्ख कळत होती, आणि तिचाच जास्त राग येत होता. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गमबूट चढवून, फावडं घेऊन मी सोर्लींच्या गोदामापाशी पोचले. दार कमरेपर्यंत बर्फात गाडलेलं. मी उपसायला लागले. थोड्या वेळानं मागे गाडी थांबली. अँटन उतरला, हातात कॉफीचा थर्मास.

"तुम्ही कशाला आलात?"

"देखरेख माझी आहे. देखरेख करतोय."

"माझ्या गाडीत दुसरं फावडं आहे."

"दिसलं मला." त्यानं हात खिशात खोल घातले. "ते मी उचललं तर हे काम तुझं राहणार नाही."

तुझं. शब्द निसटला होता. आम्ही दोघांनीही ऐकला.

"तुमचं," तो हळूच म्हणाला.

मी वळले आणि आणखी जोरानं उपसू लागले. मागे बर्फ करकरत होता– तो एका जागी उभा राहू शकत नव्हता. दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. माझी टाच घसरली तेव्हा त्याच्या तोंडून अस्फुट काहीतरी निघालं, पण त्यानं फावडं उचललं नाही. जगात माझ्यासाठी इतकं अवघड काम आजवर कुणी केलं नव्हतं.

दार उघडलं. एका बाजूचं छप्पर खचलं होतं. जाळी भिजून कुजली होती, इंजिनांवर गंज. मी एकेक वस्तू पाहून लिहून काढली. तोवर सोर्ली आले. टोपी काढून दारातच थांबले.

"जानेवारीत आवाज ऐकला होता मी," ते म्हणाले. "पण उघडून बघायचा धीर झाला नाही, पोरी."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणाले, "आता बघितलंय आपण. आता विम्यावाल्यांशी बोलता येईल."

बाहेर आल्यावर अँटननं थर्मासचं झाकण भरून माझ्यापुढे धरलं.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"चुकलो असतो तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर बुडालेले दिवस भरायला मी शनिवारीही कामावर येऊ लागले. मेअखेर माझा अनुभव पुरा झाला. अँटननं मॉरीनना समोर बसवलं, माझं सगळं काम त्यांनाही तपासायला लावलं, आणि मग सही केली. कागद मंडळाकडे रवाना झाल्यावर तो उठला, आणि त्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं.

"अभिनंदन, मिस कोस्केला."

मी थांबले. तो काही बोलला नाही. हवामानावरसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी कळलं, तो रजेवर गेलाय.

परवाना आला. मिनेसोटाचा आला, त्याच्या आधारावर विस्कॉन्सिनचाही आला. ट्वेटसाहेबांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. मासेवाल्यांनी भाजलेला मासा पाठवला, बेकरीवाल्यानं केक. सगळं सुपीरियर येऊन गेलं. एक माणूस आला नाही.

शेवटी मी मॉरीनना फोन केला. "अँटन कुठं आहे?"

"आईकडे, इव्हलेथला. त्याला वाटतंय, आता विचारलं तर तू उपकाराची फेड म्हणून हो म्हणशील."

"असं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला हवं? मी ऑफिसात डोळे मिटून बसते का?"

मी गाडी काढली. इव्हलेथचं ते घर खाणीच्या लाल टेकडीखाली होतं. दार उघडलं ते कोपरापर्यंत पीठ लागलेल्या बाईंनी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हवामानवाली तूच ना?"

"...हो."

"देवा, आलीस एकदाची! मागे आहे तो. तीन दिवस एकच इंजिन उघडतोय आणि परत बसवतोय."

मागच्या अंगणात तो जुन्या बोटीच्या इंजिनावर वाकला होता. मला पाहून सरळ झाला आणि पाना हातातून गवतात पडला.

"परवाना मिळाला," मी म्हणाले. "दोन्ही राज्यांचा."

"कळलं."

"तुम्ही आला नाहीत."

"यायचं होतं." तो चिंधीला हात पुसत राहिला. "पण सही केल्या केल्या दारात येऊन उभं राहायचं म्हणजे... वसुलीला आल्यासारखं झालं असतं."

"सही कशावर केलीत? माझ्या तोंडाकडे बघून?"

"कामावर. एकेक पान तपासून."

"म्हणजे मी तुमचं काही देणं लागत नाही."

"काहीच नाही."

"बरं झालं." मी एक पाऊल पुढे टाकलं. "कारण आता जे बोलणार आहे, ते फेड म्हणून नाही. माझा तुझ्यावर जीव आहे, अँटन. त्या बर्फात तू फावडं न उचलता उभा राहिलास ना... तेव्हापासून तर माझं काहीच चालेनासं झालंय."

त्यानं हातातली चिंधी खाली टाकली.

"'तू' म्हणालीस."

"म्हणाले."

"पुन्हा म्हण."

"तू. तू, तू, तू... आणि आता तू काही बोलणार आहेस का, की सगळं मीच बोलू?"

"मिठाच्या ढिगापासून पाठ करून ठेवलंय," तो म्हणाला. "आता एकही शब्द आठवत नाहीये."

त्यानं हात पुढे केला आणि मधेच थांबवला– बोटांवर, तळव्यावर सगळं काळं ग्रीस. तो हात मागे घेणार, तेवढ्यात मीच तो घट्ट धरला. माझा हात मनगटापर्यंत काळा झाला. पाठ केलेलं त्याला मग हळूहळू आठवलं... आणि मी ते सगळं, मधे एकदाही न अडवता, ऐकून घेतलं.