मौनाची मुदत

वाचकहो, समुद्राचे कायदे कसे जन्मास येतात आणि कसे पाळले जातात, याविषयीची एक कठोर हकिकत मी आता आपणांपुढे निवेदन करीत आहे.

त्या काळी जहाजांची तपासणी करण्यास अधिकारी चढत नसत. जहाजाच्या पोलादातच 'नियमतंतू' विणलेला असे. म्हणजे कायदा वाचणारी एक बारीक नस. राष्ट्रांच्या सभेत कलम मंजूर झाले की ते तंतूत उतरे. मग कलमाविरुद्ध सुकाणू वळतच नसे.

'सिंधुसारथी' जहाजाचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दाऊद फणसोपकर भर दुपारी कठड्याशी उभा होता. अर्ध्या मैलावर त्याच्या धाकट्या भावाची होडी पालथी झाली होती. तिची निळी पट्टी दाऊदनेच रंगवलेली. होडीच्या पाठीवर बसून याकूब वल्ह्याला बांधलेला सदरा हलवीत होता, आणि जहाज दूर सरकत होते. कप्तानाने केव्हाच हात टेकले होते.

तंतूच्या संशोधिका डॉ. ऊर्मिला खरे त्या फेरीस जहाजावरच होत्या.

"बाई, तुमच्या तारेला माणूस दिसत नाही?"

"दिसतो. पण होडीवर नोंदणीची खूण नाही. चाचे अशाच फसव्या होड्या सोडतात, म्हणून नवं कलम आलं. बिनखुणेची ती तरंगती वस्तू. तिच्यापासून लांब राहायचं."

"माझा भाऊ वस्तू?"

"नीट बोला, सारंग. सर्व देशांची संमती आहे."

"आपल्यापैकी हो कोण म्हणालं?"

"हो म्हणावं लागत नाही. दहा महिन्यांत हरकत घेतली नाही, की संमती धरतात."

"मग गप्प कोण बसलं, तेवढं सांगा."

बाईंनी नजर वळवली. "हरकत घ्यायचा कागद माझ्याकडेच आला होता. चाच्यांचं कलम, त्यात वाचायचं काय, असं वाटलं."

"आता वाचा सावकाश. मी जातो."

बचावहोडीच्या इंजिनातही तंतू होता, म्हणून दाऊदने वल्ह्यांची जुनी होडी पाण्यात सोडली. परवानगीविना जहाज सोडताच त्याच्या मनगटावरची नोंदणीची खूण विझली.

"तरंगत्या वस्तू दोन. अंतर वाढवीत आहे," जहाजाचा कर्णा म्हणाला.

"माझी हरकत आहे," बाईंचा आवाज पाण्यावरून आला.

"हरकत नोंदली. विचार पुढील वर्षीच्या सभेत."

दाऊदने भावाला ओढून आत घेतले. किनारा नव्वद मैल दूर होता. तासाभराने क्षितिजावर दुसरे जहाज उगवले. याकूबने सदरा उंच धरला.

त्या जहाजाने त्यांना स्पष्ट पाहिले, आणि दूर वळण घेतले.

ही हकिकत आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दत्ताराम भिकाजी आंबेरकर