गुरुवारचा डबा

श्रद्धा, मृत्यू आणि अनंतकाळ या तीन गोष्टींपुढे माणसाचं काही चालत नाही, असं मोठमोठे धर्मपंडित सांगून गेले आहेत.

त्यांनी वाराचा डबा पाहिला नसावा.

पुढं जे सांगायचं आहे ते अक्षरशः खरं आहे. देवळात जाऊन फादरांसमोर शपथ घेता आली असती. पण देवळात फादरच नाहीत, आणि सगळी गोष्ट तिथंच तर सुरू होते. गाव वसईतलं, गिरीजच्या बाजूचं. नाव मुद्दाम देत नाही. तिथं अजून काही मुलींची लग्नं जमायची आहेत.

जानेवारीतला गुरुवार होता. त्या दिवशी सकाळची मिस्सा संपवून फादर बॅप्टिस्ट निवृत्त झाले.

फादर बॅप्टिस्ट गावात किती वर्षं होते, हे सांगणारी माणसं त्यांनीच पुरली होती. त्यांच्या बदलीचा हुकूम निघाला की गाव बस करून बिशप हाऊसला जायचं, रडायचं, हुकूम रद्द करून घ्यायचं आणि परतताना वडापाव खाऊन यायचं. शेवटी हुकूम बिशपांनी नाही, फादरांच्या गुडघ्यांनी काढला.

फादरांच्या जेवणाची सोय जुन्या पद्धतीची. सात घरं, सात वार. ज्या घरचा वार, त्या घरून संध्याकाळी डबा. गुरुवार आशालता परेराचा. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेला, पाटल्यांसारखा.

फादर अंगानं काडीसारखे, पण डबा दोन माणसांचा लागायचा. कमी गेला की देवळाचा राखणदार सॅमी निरोप आणायचा, "फादर बोलले, जरा जास्ती पाठवा." गावात यावर पुष्कळ चर्चा झाली होती. बहुमत जंतांच्या बाजूनं होतं.

आणि डबा कधी रिकामा परत आला नाही. भांडं रिकामं परत पाठवू नये, ही रीत फादर बाईमाणसापेक्षा कडक पाळायचे. सकाळी सॅमी डबा आणून द्यायचा. घासलेला, पुसलेला, आणि आत दोन केळी.

तर तो गुरुवार.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच आलं होतं, 'नवीन फादर संध्याकाळपर्यंत पोचतील.' खाली सत्तावन्न जणांनी हात जोडले होते.

नव्या फादरांच्या पोटात पहिला घास आपल्या घरचा जाणार, म्हणून आशालता दुपारपासून चुलीपाशी. चाळीस वर्षं शाळेत पोरं हाकली, तरी एवढी घाई तिनं कधी केली नव्हती. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण, केळफुलाची भाजी. तीन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर कोरलेलं 'सौ. आशालता ज्यु. परेरा'. वर नवाकोरा टॉवेल गुंडाळला. जोडीतला, पांढरा, निळ्या काठाचा.

दिवेलागणीला ती फादरांच्या घरी पोचली. सॅमीनं दार उघडून दिलं.

"आले का रे?"

"अजून नाय, टीचर. येतील ना."

जेवणाच्या टेबलावर डबा ठेवला. घर रिकामं होतं. इतकं रिकामं, की आपण आवाज न करता उभं आहोत हेही ऐकू येत होतं.

आणि इथं तिनं चूक केली.

रिकाम्या घरात उगाच मोठ्यानं म्हणाली, "फादर, डबा ठेवलाय हो. पोटभर जेवा. सगळं तुमच्यासाठीच आहे."

आतल्या खोलीत कुठंतरी... खुर्ची सरकली.

मांजर असेल, असं म्हणून ती घरी आली.

नवे फादर त्या रात्री आलेच नाहीत.

सकाळी सॅमी डबा घेऊन आला. लख्ख घासलेला. आशालतानं उघडून पाहिला. अन्नाचा कण नाही. तळाला फक्त... चिमूटभर ओली माती.

"मेल्या, डबा मातीनं घासलास होय रे?"

"मी कुटं घासला? मना वाटलं तुमीच घासून ठेवला."

"आणि खाल्लं कोणी?"

"टीचर, मना शुगर हाय," सॅमी दुखावून म्हणाला. "मी भात बघतो फक्त."

त्याच रात्री ज्युलियसच्या, म्हणजे आशालताच्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, स्टेंट टाकली, वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "बोंबील उरलेत का?"

इकडं गावात डबा थांबला नाही. थांबवणार कोण? फादरांच्या जेवणाबद्दल निर्णय घ्यायचा तर पॅरिश कौन्सिलची बैठक हवी, आणि बैठकीला अध्यक्ष म्हणून फादर हवेत. शिवाय नवे फादर कधीही येतील. ज्या दिवशी येतील त्या दिवशी नेमका आपला वार असेल आणि डबा नसेल, ही नामुष्की कोण पत्करणार?

शुक्रवारचा डबा गेला. शनिवारचा गेला. रविवारचा गेला.

रोज सकाळी डबे लख्ख. तळाला चिमूटभर माती.

शुक्रवारवाल्यांची म्हैस गेली. शनिवारवाल्यांचा मुलगा जिन्यावरून पडला. रविवारवाल्यांकडे जावई राहायला आला.

सोमवारी इनासआबांच्या घरचा डबा गेला. मंगळवारी सकाळी परत आला, तो जरा जड होता.

आत... मूठभर माती.

त्याच दुपारी इनासआबा गेले. कुणाला नवल वाटलं नाही. नव्वदीच्या पुढच्या माणसाला मरायला मातीची गरज नसते, कॅलेंडर पुरतं.

मंगळवार पास्कूचा. धडधाकट गडी, वाडीत केळीचे घड एकटा खांद्यावर वाहायचा. बुधवारी सकाळी त्याच्या बायकोनं डबा उघडला आणि किंचाळली. वरपर्यंत भरलेला.

पास्कू तेव्हा विहिरीवर पंप चालू करत होता...

शेजारच्या धर्मग्रामातून फादर बोलावून दोघांना माती दिली. आशालता पास्कूच्या खड्ड्यापाशी उभी होती. प्रत्येकानं मूठमूठ माती टाकली, तशी तिनंही उचलली. मूठ बंद केली. आणि तिच्या बोटांना ओळखीचं काहीतरी लागलं.

तीच माती. तोच ओलावा. चिमटीत धरली होती, आता मुठीत होती.

ती न टाकताच मागं फिरली.

बुधवार एरॉलचा. एरॉल सातिवलीला कारखान्यात सुपरवायझर, विज्ञानवादी माणूस. पास्कूला पोचवून आल्या आल्या म्हणाला, "टीचर, हा मूर्खपणा आहे. माझ्या घरून आजपासून डबा बंद."

"बंद केल्यावर काय होईल, एरॉल?"

"काय होणार? डबा जाणार नाही."

डबा गेला नाही.

गुरुवारी सकाळी एरॉलच्या बायकोनं स्वयंपाकघराचा दिवा लावला. घरातलं प्रत्येक भांडं ओट्यावर पालथं घातलेलं. पातेली, कढया, वाट्या, चहाची गाळणीसुद्धा. सगळं लख्ख घासलेलं. फ्रीज रिकामा.

तिनं एक वाटी उचलली...

खाली चिमूटभर माती. दुसरी उचलली. तिथंही.

तिसरी उचलायला ती थांबली नाही. दुपारपर्यंत एरॉल बायकापोरांसह विरारच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायला गेला. विज्ञान त्यानं सोबत नेलं. भांडी इथंच आहेत.

बिशप हाऊसला फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, "येत्या रविवारी नक्की."

आणि आज गुरुवार होता.

ज्युलियस आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आला होता. उशांना टेकून बसला होता, आणि आशालता त्याच्याकडे बघत नव्हती.

"चिमूट आली ती मला, होय ना?" तो म्हणाला. "आज मूठ येणार."

"गप बसा तुम्ही."

"नाही, मी काय म्हणतो, बोंबील नको पाठवू. तेच आवडले नसतील त्याला."

आशालतानं चपला घातल्या आणि रिक्षा करून थेट वयोवृद्ध धर्मगुरूंच्या निवासावर गेली.

फादर बॅप्टिस्ट व्हरांड्यात उन्हाला बसले होते. आठ दिवसांत आठ वर्षांनी म्हातारे झालेले. तिला ओळखायला वेळ लागला. डब्याचं नाव काढल्यावर मात्र डोळे लगेच जागे झाले.

"सगळा देतेस की अर्धा?"

"म्हणजे, फादर?"

"अर्धा त्याचा. मी आलो तेव्हा आधीच्या फादरांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, बॅप्टिस्ट, अर्धं त्याचं. आपलं अर्धं आपण त्याच्यासमोर बसून जेवायचं. एकट्याला जेवू द्यायचं नाही. एकटा जेवला की त्याला वाटतं, घर त्याचंच."

गावानं इतकी वर्षं जंतांवर ठेवलेला दोष तिला आठवला.

"तो... तो कोण, फादर?"

"विचारलं नाही कधी. जेवताना बोलत नाही तो."

"आणि माती?"

फादर हसले. "अगं, भांडं रिकामं पाठवू नये एवढं त्यालाही कळतं. पण त्याच्याकडे द्यायला दुसरं काय असणार? मी रोज पहाटे उठून ती केळीच्या मुळाशी ओतायचो आणि डब्यात केळी ठेवायचो. चांगली लागायची ना केळी?"

आशालतानं ती केळी आयुष्यभर खाल्ली होती. तिनं मान हलवली, आणि ती कितीतरी वेळ हलतच राहिली.

"फादर, मी त्या दिवशी म्हणाले, सगळं तुमच्यासाठीच आहे. आता काय करू? ज्युलियस..."

फादरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतली जाग हळूहळू गेली.

"जेवायची वेळ झाली का गं?" त्यांनी विचारलं. "दोन ताटं सांग."

संध्याकाळी आशालता डबा आणि केळी घेऊन फादरांच्या घरी गेली. डबा दोन माणसांचा. बेत साधा होता. समोर बसायचं. अर्धं आपण खायचं. त्याचं जेवून झालं की डबा इथंच उघडायचा, माती बाहेर ओतायची, केळी ठेवायची आणि डबा स्वतःच्या हातानं घरी न्यायचा. सॅमीला दाराशी उभं केलं. तो दारापासून बऱ्यापैकी लांब उभा राहिला.

दोन ताटं मांडली. आपल्या ताटात वाढून घेतलं. समोरच्या ताटात वाढलं. डबा बंद करून, टॉवेल गुंडाळून बाजूला ठेवला. शेजारी केळी.

"जेवून घ्या," ती म्हणाली. आवाज शाळेतल्यासारखा काढायचा प्रयत्न केला.

खुर्ची... सरकली.

समोरची.

तिनं ताटावरून नजर उचलली नाही. भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला, मोजून चावला, गिळला.

समोरून भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग चमच्याचा. कुणीतरी अगदी नीट, अगदी सावकाश जेवत होतं. मचमच नाही, घाई नाही. शाळेत असता तर तिनं त्याला शाबासकी दिली असती.

मग आवाज थांबला.

आत मोरीतला नळ सुरू झाला... बंद झाला.

आशालतानं वर पाहिलं. समोरचं ताट धुतलेलं, पालथं. टेबल पुसलेलं. इतक्या दिवसांत त्या घरात एक मुंगी दिसली नव्हती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

केळी नव्हती. सालं होती, नीट घडी घालून ठेवलेली.

आणि डबा नव्हता.

"सॅमी! डबा कोणी नेला?"

"दारातून कोन नाय गेला, टीचर. देवाशप्पत."

घर पालथं घातलं. मोरी, माडी, देवळाचा सगळा परिसर, केळीची बाग. डबा नव्हता.

त्याला आता दहा महिने होत आले.

बाकीच्यांचं बरं चाललं आहे. सॅमी रोज पहाटे डब्यातली माती केळीला घालतो आणि केळी भरून डबे पोचते करतो. संध्याकाळी प्रत्येक वाराचं माणूस तिथं बसून अर्धं जेवतं. एकटं कुणी जात नाही. आशालताच्या गुरुवारी सॅमी बसतो. शुगर वाढली आहे त्याची. दोन बायकांनी वजन वाढल्याची तक्रार केली, ती कौन्सिलपुढं मांडता येत नाही, कारण अध्यक्ष नाहीत. स्वागताचा फ्लेक्स छापून तयार आहे, फोटोची जागा रिकामी. बिशप हाऊस म्हणतं, येत्या रविवारी नक्की.

ज्युलियस चांगला आहे. चालतो, फिरतो, मीठ जास्त खातो. डॉक्टर म्हणतात, काही नाही आता.

पण रोज पहाटे आशालताला जाग येते. ती अंथरुणात पडून कान देते. फाटक वाजलं का... पायरीवर स्टील टेकल्याचा आवाज आला का... मग हळूच हात लांब करून ज्युलियसच्या छातीवर ठेवते.

"आला का डबा?" तो झोपेतच विचारतो.

"नाही."

"मग झोप."

आणि तो कुशीवर वळतो. तिला झोप येत नाही. बिशपांना सांगून उपयोग नाही, फादरांना आठवत नाही, आणि ज्याला सांगायचं तो जेवताना बोलत नाही.

तेव्हा वसई-विरारमध्ये कुठंही, कुणाला, तीन पुडांचा स्टीलचा डबा सापडला, झाकणावर 'सौ. आशालता ज्यु. परेरा' कोरलेला, तर हात जोडून विनंती आहे. उघडू नका. परत आणू नका. आहे तिथंच राहू द्या.

फक्त वरचा टॉवेल तेवढा पाठवून द्या. पांढरा, निळ्या काठाचा. जोडीतला आहे.